दुसरा तांब्या

"सायकली तीन, माणसं तीन आणि पंक्चर दोन," रुद्रने गणित मांडलं. "म्हणजे गंगापूर धरणापर्यंत दोघांनी चालायचं."

"तू चाल. सगळ्यात लहान तूच आहेस," ओम म्हणाला.

"लहान माणूस कॅरिअरवर बसतो. तसा नियम आहे."

"कुठल्या पुस्तकात?"

निकिताचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. ती ओट्यावर बसायची, उठायची, दोन फेऱ्या मारायची आणि पुन्हा येऊन बसायची. "हिच्या पायाला भिंगरी बांधून देवाने पाठवलंय," असं तिची आई म्हणायची, ते काही खोटं नव्हतं. सकाळचे सात वाजले होते. समोर झेंडूची शेतं पिवळीधमक झाली होती आणि हौदाशेजारची मोटर घरघरत त्यांना पाणी देत होती. निघायचं तर आत्ताच, नाहीतर मे महिन्याचं ऊन रस्त्यातच गाठणार.

तेवढ्यात हौदापाशी खण्णकन आवाज झाला. पितळी तांब्या ओल्या फरशीवर आपटला आणि गडगडत नालीपर्यंत गेला.

लंकामावशी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून उभी होती.

"काय झालं, मावशी?" निकिता धावली.

"काय नाय गं. मुंग्या आल्या जराशा. म्हातारपण यायच्या आधी सांगावा धाडतंय, दुसरं काय."

मावशी हसली खरी, पण डोळे काही हसले नाहीत.

लंकामावशी म्हणजे निकिता आणि रुद्रच्या आईची थोरली बहीण. ओम तिचा मुलगा, निकिताच्याच वयाचा, तेरा वर्षांचा. मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा होता आणि निकिता-रुद्र सुट्टीला तिथे आले होते. झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब. रोज फुलांच्या जाळ्या टेम्पोत चढायच्या आणि नाशिकच्या बाजारात उतरायच्या. पण पहिली ओंजळ बाजाराला कधी जात नसे. ती असायची देवीची.

त्याला कारण होतं. ओम चार वर्षांचा असताना तापाने इतका फणफणला की वीस दिवस दवाखान्यातच होता. तेव्हा मावशीने गडावरच्या आईला हात जोडले. पोरगं हसत घरी येऊ दे, बारा वर्षं मी सूर्य डोक्यावर येईपर्यंत पायात वहाण घालणार नाही. रोज तुळशीला पाणी, सूर्याला अर्घ्य आणि माझ्या हातचा एक हार तुला. ओम हसत घरी आला. तेव्हापासून नऊ वर्षं झाली, एक सकाळ चुकली नव्हती. थंडीत दव पायाला झोंबायचं, पावसात चिखल व्हायचा, पण मावशीचे पाय उघडेच.

आणि आता गेले पंधरा दिवस तिचे हात बिघडले होते. सकाळी पाणी घ्यायला गेली की बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. दोन्ही वेळा दुपारचं बोलावलं होतं आणि दुपारी हात अगदी ठणठणीत! "मानेची नस असेल, विश्रांती द्या," म्हणाले. सावळीरामकाकांनी, म्हणजे ओमच्या वडिलांनी, मग निर्णयच घेऊन टाकला. शुक्रवारी पाच सवाष्णी जेवायला घालायच्या, व्रताचं उद्यापन करून टाकायचं आणि शनिवारी मावशीला तीन महिने निकिताच्या घरी, शहरात, विश्रांतीला पाठवायचं.

आज बुधवार होता. पुरणाची डाळ घरात येऊन पडली होती.

"थांब मावशी, मी देतो तांब्या," म्हणत रुद्र पळाला आणि फटकन चपलेचा अंगठा तुटला. ती चप्पल तिथेच सोडून, दुसरी उडवून, तो अनवाणीच ओल्या फरशीवर गेला. तांब्याला चिखल लागला होता, म्हणून त्याने नळाला हात घातला.

"आई गं!" रुद्र हातभर मागे उडाला.

ओम हसायला लागला. "नाटकी! शाळेत बक्षीस मिळेल तुला."

"नळ चावला," रुद्र म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"नळ चावतो होय?" ओमने चालत जाऊन नळाला बोट लावलं. काहीच झालं नाही. "मला नाही चावला."

"तुझी त्याच्याशी ओळख असेल."

मावशीने मात्र रुद्रचा हात हातात घेतला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "माझ्याच हाताचं तुला लागलं का रे, बाळा? माझा तांब्या उचललास म्हणून?"

निकिताच्या पायातली भिंगरी अचानक थांबली. ती खाली बघत होती. रुद्रचे पाय. मावशीचे पाय. ओमच्या रबरी चपला.

"कुणी हलू नका. नळाला हात नको," ती म्हणाली. "ओम, आधी मोटर बंद कर. चपला घालूनच जा, आणि कोरड्या हाताने."

घरघर थांबली. एवढा वेळ ती ऐकू येत होती हेसुद्धा थांबल्यावरच कळलं.

* * *

सनी वायरमन बारा वाजता आला. डोळ्यावर गॉगल, पायात जाड तळव्याचे बूट आणि खिशाला अडकवलेला टेस्टर. काकांनीच त्याला फोन केला होता, पण मनातून त्यांना हा सगळा पोरखेळ वाटत होता.

"मोटर चालू केल्याशिवाय कळणार नाही," निकिता म्हणाली.

"मॅडम, लाईनमध्ये आठ वर्षं झाली मला," सनी म्हणाला, पण मोटर चालू केली. नळाला टेस्टर लावला. दिवा पेटला नाही. पाइपला लावला, तिथेही नाही. "बघा काका, एकदम ओके. टेस्टर कधी खोटं बोलत नाही. दिवा नाही म्हणजे करंट नाही."

"नळ पण खोटं बोलत नाही," रुद्र पुटपुटला. "तो चावतो."

"मोबाईल कमी बघत जा, छोटे."

काका हसले. निकिताला ते हसणं काट्यासारखं टोचलं. ती मोटरच्या बोर्डाकडे टक लावून बघत होती. एका स्विचच्या जागी नुसतं भोक होतं आणि दोन वायरी काळ्या पट्टीने एकमेकींना गुंडाळल्या होत्या.

"इथे काय होतं, सनीदादा?"

"तो? तो सारखा पडायचा. मोटर लावली की पडला, लावली की पडला. काका वैतागले. मार्चमध्ये मीच काढून डायरेक्ट करून टाकलं," सनी अभिमानाने म्हणाला. "तेव्हापासून एकदा तरी लाईट गेली का, काका?"

"एकदा पण नाय," काकांनी साक्ष दिली. "पोरांनो, झालं ना समाधान? आता जा खेळायला. मावशीच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका. तिचं मन आधीच थाऱ्यावर नाय."

ते मात्र खरं होतं. संध्याकाळी मावशी तुळशीपुढे दिवा लावत होती, तेव्हा निकिताने तिचं बोलणं ऐकलं. तुळस आता कुंपणाच्या कोपऱ्यात, सिमेंटच्या कुंडीत होती. पाडव्यानंतर काकांनी सगळ्या अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवून घेतले होते. पावसाळ्यात टेम्पो रुतायचा म्हणून. तुळशीवृंदावन टेम्पोच्या बरोब्बर वाटेत यायचं, म्हणून तेही हलवलं.

"जागची हलवली म्हणून रागावलीस का गं माझ्यावर?" मावशी तुळशीला हळूच विचारत होती. "मी नको म्हणायला पाहिजे होतं. चुकलंच माझं."

ओमही शेजारी येऊन उभा राहिला होता. त्याचा नेहमीचा टवाळ आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"तीन वर्षं बाकी आहेत," तो म्हणाला. "मला काही होणार नाही, माहितीये मला. पण व्रत अर्ध्यावर सुटलं ना, तर ती रोज माझ्या कपाळाला हात लावून ताप बघत बसेल. मला शिंक आली तरी रडेल. तिला ते नाही सहन व्हायचं, निकिता."

"परवा सकाळपर्यंत वेळ आहे," निकिता म्हणाली. "रुद्र, वही आण."

रुद्रने वही आणली. तिघं ओट्यावर डोकी जोडून बसले. मावशीला झिणझिण्या कधी येतात? सकाळी. दुपारी कधीच नाहीत. सकाळी असं काय असतं जे दुपारी नसतं? रुद्रने लिहिलं, ‘मोटर.’ ओमने लिहायला लावलं, ‘ओली फरशी.’ निकिताने खाली दोन शब्द लिहिले, ‘उघडे पाय.’

"बारा वाजले की आई चपला घालते," ओम सावकाश म्हणाला. "म्हणून दुपारी बरी होते. आणि डॉक्टर बोलावतात दुपारी!"

"पण ती तर नऊ वर्षं अनवाणी आहे," रुद्र म्हणाला. "पंधराच दिवसांपासून का चावतोय मग?"

याचं उत्तर वहीत नव्हतं. निकिताने उठून तीन फेऱ्या मारल्या. उत्तर फेऱ्यांमध्येही सापडलं नाही.

* * *

गुरुवारी सकाळी मावशी तांब्या घेऊन निघाली, तेव्हा निकिता नळापुढे आडवी उभी होती आणि फरशीवर देवघरातला शिसवी पाट मांडलेला होता.

"मोटर बंद ठेवूया म्हटलं, तर काका ऐकत नाहीत. सनीचा टेस्टर त्यांचा देव झालाय," ती म्हणाली. "मावशी, एवढंच ऐक. पाटावर उभी राहून पाणी घे. पाट म्हणजे काही वहाण नाही. व्रत मोडत नाही."

मावशीने क्षणभर विचार केला. "पाट काय वहाण नाय, खरंच," ती म्हणाली. ती कोरड्या पाटावर चढली, डोळे मिटले आणि नळाला बोट टेकवलं.

मुलं श्वास रोखून बघत होती.

मावशीने डोळे उघडले. पुन्हा नळाला हात लावला. अख्खा पंजा लावला. तांब्या भरला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तांब्याही वाहायला लागला, तरी तिला नळ बंद करायचं सुचेना.

"माझे हात बरे हायेत," ती म्हणाली. "ओम्या, हात बरे हायेत रे माझे!"

"पाटाचा गुण," काका ओट्यावरून म्हणाले. "देवघरातला पाट हाय तो. उद्यापन करून टाकू, म्हणजे सगळंच बरं होईल."

ओमने कपाळावर हात मारला. "उज्वलाताईला आणायचं," तो म्हणाला. "मागच्या वादळात खांबावर चढली होती ती. वीज कंपनीत आहे. पप्पा तिचं ऐकतील, कारण ती खांबावर चढली आणि पप्पा खाली बॅटरी धरून उभे होते."

पंक्चर दोन असली तरी एक सायकल धड होती. ओम हँडलवर, निकिता कॅरिअरवर आणि रुद्र? रुद्र दांडीवर. "लहान माणूस," तो कुरकुरला, "दांडीवर बसत नाही." पण बसला. सबस्टेशन चार किलोमीटरवर होतं आणि रस्त्यात चढ होता. चढावर तिघंही उतरून सायकल ढकलत होते. निकिताला सारखं वाटत होतं की घड्याळ त्यांच्या पुढे पळतंय.

उज्वलाताईने हेल्मेट काढून सगळं ऐकलं. पाटाची गोष्ट ऐकली तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या.

"तुम्ही हुशार आहात आणि नशीबवानही," ती म्हणाली. "असा प्रयोग पुन्हा करायचा नाही. नळाला करंट आहे असं नुसतं वाटलं तरी मेन स्विच बंद आणि मला फोन. पाटाला जरा ओल असती, तर? पहिलं काम म्हणजे आत्ता घरी फोन लावा, मोटर बंद करायला सांगा. मी पाच वाजता ड्यूटी संपली की येते."

ती पाचला म्हणाली आणि सव्वापाचला आली. सगळ्यांना लांब उभं केलं, हातमोजे चढवले आणि पिशवीतून दोन वायरींचं मीटर काढलं. एक वायर नळाला लावली, दुसरी ओल्या मातीत ठोकलेल्या लांब खिळ्याला.

"ओम, मोटर लाव."

आकडे थरथरले आणि थांबले. बेचाळीस.

"बेचाळीस व्होल्ट," उज्वलाताई म्हणाली. "काका, सनीचा टेस्टर साठ-सत्तरच्या खाली पेटतच नाही. पण काकूंचे ओले, उघडे पाय बेचाळीसलाही पेटतात. बंद कर रे, ओम."

काकांनी खाली बघितलं. मावशीच्या पायांकडे. नऊ वर्षं ते पाय त्यांच्या डोळ्यांसमोर होते, पण ते बघितले आजच.

मेन स्विच बंद करून उज्वलाताईने मोटर उघडली. आत एका वायरीवरचं वेष्टण घासून गेलं होतं आणि उघडी तार मोटरच्या लोखंडाला चाटत होती. मग तिने बोर्डावरचं भोक बघितलं आणि तिचा आवाज एकदम कोरडा झाला.

"इथला स्विच कुणी काढला?"

"सारखा पडायचा," काका म्हणाले.

"काका, करंट कुठे गळायला लागला की पडायचं, हेच त्याचं काम. तो ओरडून सांगत होता की मोटर गळतेय. तुम्ही ओरडणाऱ्यालाच घराबाहेर काढलंत."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"पण ताई, स्विच मार्चमध्ये काढला," निकिता म्हणाली. तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. "आणि मावशीला झिणझिण्या आता मेमध्ये. मधला दीड महिना करंट कुठे गेला?"

उज्वलाताईने तिच्याकडे वळून बघितलं. "हा खरा प्रश्न. तो जमिनीत गेला. प्रत्येक घराला अर्थिंग असतं. मोटरच्या अंगाला जोडलेली एक तार जमिनीत खोल पुरतात, म्हणजे गळालेला करंट माणसाच्या अंगातून जायच्याऐवजी गुपचूप मातीत जातो. तुमचं अर्थिंग मधेच कधीतरी रुसलंय. कुठे आहे ते, काका?"

"बयाजी वायरमननं केलं होतं, घर बांधलं तेव्हा. तो तर देवाघरी गेला."

हिरवी तार बोर्डातून निघून भिंतीत गेली होती, भिंतीतून जमिनीत आणि जमिनीवर होते सिमेंटचे ठोकळे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिघांनी घरामागे शोधलं, कडुनिंबाखाली शोधलं, गोठ्याच्या भिंतीला कान लावून शोधलं. रुद्रने मांजराच्या पिल्लांशिवाय काही सापडत नसल्याचं जाहीर केलं.

"सगळं अंगण उकरावं लागेल," उज्वलाताई म्हणाली.

"ते नाय व्हायचं," काका म्हणाले. "उद्या सवाष्णी जेवायच्या हायेत. आणि ठोकळे बसवून दीड महिना नाय झाला."

उन्हं कलायला लागली. निकिता अंगणात फेऱ्या मारत होती. दीड महिना. ठोकळे. पाडवा. तुळस. काहीतरी अगदी जवळ होतं, जिभेवर आलेल्या आणि न आठवणाऱ्या नावासारखं. कोपऱ्यात मावशी दिवा लावत होती. शेजारी उद्यासाठी दोन तांबे घासून उपडे ठेवले होते.

"मावशी, दोन का?" निकिताने विचारलं. "रोज दोन तांबे का लागतात तुला?"

"एक तुळशीचा. दुसरा अर्घ्याचा."

"पण अर्घ्य तर माझी आई गॅलरीत उभी राहून, हात वर करून, सूर्याकडे बघत सोडते. तू तुळशीच्या मागे, खाली मातीत ओततेस."

"मग. बयाजीभाऊंनी सांगितलंय ना तसं," मावशी म्हणाली. "घर बांधलं त्या वर्षी. जाताना म्हणाले, बाई, तुळशीला पाणी घालताच, तर एक तांब्या हिकडं अर्घ्याला पण घालत जा. या विटांच्या मधोमध. खंड पडू देऊ नका, उन्हाळ्यात तर मुळीच नको. मला लय नवल वाटलं. वायरी जोडणारा गडी, पण सूर्यनारायणाला विसरला नाय. पुढं व्रत घेतलं, तेव्हा मी त्याच्यातच ते धरलं."

निकिता थांबली. अगदी पुतळ्यासारखी.

"अर्घ्याला," ती स्वतःशी म्हणाली. "अर्घ्याला... अर्थाला..." आणि ती इतक्या जोरात ओरडली की गोठ्यातली पिल्लं पळाली. "अर्थला! ताई, ते ‘अर्थला’ म्हणाले होते! एक तांब्या अर्थला घाला!"

उज्वलाताईच्या हातातला पाना खाली पडला. "अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते," ती म्हणाली. "माती सुकली की करंट आत जात नाही. आणि ठोकळे बसेपर्यंत या काकूच रोज तो खड्डा ओला ठेवत होत्या!"

"तुळस कुठे होती? आधी कुठे होती?" ओम ओरडत अंगणाच्या मध्याकडे धावला.

मुलं काकांकडे बघत होती. काकांनी ठोकळ्यांकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, मग धोतराचा सोगा खोचला आणि स्वतः पहार आणली. सहा ठोकळे निघाले. खाली वाळू, वाळूखाली विटांचा चौकोन आणि चौकोनाच्या मध्ये लोखंडी पाइपचं तोंड. भोवती कोळसा आणि मीठ घातलेली माती, पण कशी? भाजलेल्या पापडासारखी. हात लावला तर भुगा.

"मावशी, तांब्या," निकिता म्हणाली.

मावशीने पहिला तांब्या ओतला. मातीने तो सुर्र करून पिऊन टाकला. दुसरा ओतला. मग मुलांनी बादल्यांची रांगच लावली. अर्ध्या तासाने उज्वलाताईने सगळ्यांना पुन्हा लांब उभं केलं आणि तपासण्यापुरती मोटर लावली.

"एकतीस," तिने वाचलं. बंद. आणखी पाणी. "एकोणीस." आणखी पाणी. रुद्रच्या बादलीतलं अर्धं त्याच्याच अंगावर. "अकरा." आणि दिवेलागण होता होता, "चार."

"नळाचे दात पडले," रुद्र म्हणाला.

सगळे हसले. मावशी तेवढी हसली नाही. ती ओल्या मातीकडे बघत होती.

"म्हंजी इतकी वर्षं," ती हळूच म्हणाली, "माझं अर्घ्य सूर्याला पोचलंच नाय?"

ओल्या अंगणात फक्त पाणी मुरल्याचा आवाज येत होता.

उज्वलाताईने हातमोजे काढले. "काकू, मला त्यातलं फारसं कळत नाही," ती म्हणाली. "पण ज्याच्यासाठी तुम्ही व्रत घेतलं, तो पोरगा नऊ वर्षं याच नळावर उघड्या पायांनी खेळला, आंघोळ केली, आंबे धुतले. ही मोटर काही नवी नाही, ती आधीही कधी ना कधी थोडीफार गळलीच असेल. तुमचं पाणी कुठे पोचलं, ते तुम्हीच बघा."

सगळ्यांनी ओमकडे बघितलं. ओम चिखलाने माखला होता, नाकावरसुद्धा चिखल होता. तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघताय? मी काही देव नाही."

मावशीने जवळ जाऊन पदराने त्याचं नाक पुसलं.

* * *

शुक्रवारी सकाळी उज्वलाताईच्या देखरेखीखाली सनीनेच वायर बदलली आणि नवा स्विच बसवला. गॉगल आज खिशात होता.

"टेस्टर खोटं नाही बोलत, सनीदादा," रुद्र म्हणाला. "फक्त अर्धंच बोलतो."

"चूक झाली, छोटे," सनी म्हणाला. "मीटर घेणार आहे मी. ताई, शिकवा मला."

दुपारी पाच सवाष्णी आल्या. पुरणपोळ्या झाल्याच होत्या. पानं वाढल्यावर काका हात जोडून उभे राहिले.

"उद्यापनाला बोलावलं होतं, पण उद्यापन नाय," ते म्हणाले. "तीन वर्षांनी पुन्हा बोलावणार हाय. आज जेवायचं कारण वेगळं. आमच्या घरात तीन पोरांनी मोठ्यांचे कान उघडले. मी म्हटलं, हिच्या मनाचा खेळ. हिच्या उघड्या पायाला जे कळत होतं, ते माझ्या चपलेला कळलं नाय. आता या पोरांना मी एक शब्द दिलाय, तो टेम्पोवाल्याला सांगून ठेवतो. उद्यापासून टेम्पो कुंपणाकडून वळसा घालून जाईल. तुळस तिच्या जागी जाईल."

आणि ती गेली. काकांनी विटा लावल्या, मधे अर्थिंगच्या खड्ड्याचा चौकोन मोकळा सोडला.

शनिवारी सकाळी शहराकडे कुणीच गेलं नाही. सात वाजता मोटर घरघरत होती. मावशी उघड्या पायांनी हौदाशी आली, नळाला हात लावला, दोन तांबे भरले. पहिला तुळशीला घातला. दुसरा घेऊन ती विटांच्या चौकोनापाशी गेली आणि तिने तो दोन्ही हातांनी उंच धरला, कपाळाच्याही वर. झेंडूच्या शेतावरून वर आलेलं ऊन त्या धारेतून आरपार गेलं आणि धार खाली पडली ती नेमकी पाइपच्या तोंडाशी. अर्घ्य सूर्याला, पाणी अर्थला. एका तांब्यात दोन्ही.

मग ती पोत्यावर बसून हार ओवायला लागली. बोटं झरझर चालत होती.

निकिता शेजारी बसली होती. हार पूर्ण होईपर्यंत ती एकदाही उठली नाही.

"धरणावर जायचंय की नाही?" रुद्रने दारातून विचारलं. "पंक्चर अजून दोनच आहेत, वाढायच्या आत निघूया."